हाडांना ‘थांब’ कोण सांगतं?

(दहावी १९९५च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांचा मला तीन आठवड्यांपूर्वी फोन आला. तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर एआयवर वीस मिनिटं बोल, जेवणानंतरची वेळ आहे तेव्हा सोपं ठेव, असं सांगितलं. मी म्हटलं, एआयवर बोलणारे आता गल्लोगल्ली आहेत, मी कूर्चेवर बोलते. पलीकडे जरा शांतता पसरली. मग प्रश्न आला, “कुर्त्यावर?”

तर कुर्ता नाही, कूर्चा. नाकाचा शेंडा दाबून बघा, कानाचा वरचा भाग वाकवून बघा. वाकतं आणि परत जागेवर येतं, ती कूर्चा. मटण खाणाऱ्यांना ती जास्त जवळून माहीत आहे. हाडाच्या टोकाला पांढरं, गुळगुळीत, दाताखाली कुरकुरणारं जे असतं, ते. विषय हाच का घेतला, तेही सांगते. गेल्या दिवाळीत मी आपल्या ग्रुपवर घरच्यांचा फोटो टाकला. त्यानंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला वेगळा मेसेज करून धाकट्या मुलीच्या उंचीबद्दल विचारलं. कोणी अश्वगंधा सुचवली, कोणी दूध आणि प्रोटीन पावडर, कोणी दाराच्या चौकटीला बार लावून लटकायला सांगितलं. दोघींनी दबक्या आवाजात विचारलं, “तुझ्या गरोदरपणात ग्रहण लागलं होतं का गं?” सगळ्यांनी काळजीपोटीच विचारलं, हे मला कळतं. पण प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करणं काही जमलं नाही. आज सगळे एका मांडवात सापडलात.

मुलगी नऊ वर्षांची आहे, उंची एक मीटरच्या जवळपास. तिला विचारूनच बोलते आहे. तिची एकच अट आहे: ‘बिचारी’ हा शब्द वापरायचा नाही. तिच्या स्थितीचं नाव अकॉन्ड्रोप्लेझिया. ग्रीक भाषेतल्या या नावाचा अर्थ ‘कूर्चा तयार न होणं’ असा आहे, आणि तो चुकीचा आहे. कूर्चा तयार होते, अगदी व्यवस्थित होते. ती वाढताना तिला ‘थांब’ असा निरोप गरजेपेक्षा जास्त मिळत राहतो, एवढंच. हा निरोप कोण देतं, कोण ऐकतं, ते आज सांगायचं आहे. मी डॉक्टर नाही. लोणीच्या प्रवरा अभियांत्रिकी महाविद्यालयातून इंजिनिअर झालेली बाई आहे. नऊ वर्षं हेच वाचते आहे, डॉक्टरांना भंडावून सोडते आहे, म्हणून बोलायचं धाडस करते.

शाळेत आपण सांगाड्याचं चित्र काढून नावं दिली आणि पाठ केली. त्या चित्रामुळे हाड म्हणजे घराच्या खांबासारखी मेलेली वस्तू अशी समजूत होते. खरं तर आपली बहुतेक हाडं आधी हाडं नसतातच. गर्भ पाच-सहा आठवड्यांचा असतो तेव्हा हातापायांच्या अंकुरांमध्ये नुसत्या मऊ, एकसारख्या पेशी असतात. मग काही ठिकाणी त्या दाटू लागतात, बाजाराच्या दिवशी माणसं एका कोपऱ्यात दाटावीत तशा. दाटलेल्या पेशींमध्ये सॉक्स-नाइन नावाचं एक जनुक चालू होतं आणि तिथे निर्णय होतो: आपण कूर्चा व्हायचं. त्या पेशी स्वतःभोवती कोलॅजनचे धागे आणि पाणी धरून ठेवणारा चिकट पदार्थ सोडू लागतात. थोड्याच दिवसांत मांडीच्या हाडाची, नडगीची, बोटांच्या पेरांची कूर्चेतली प्रतिकृती तयार होते. हाड मागाहून येतं आणि त्या प्रतिकृतीची जागा घेतं.

एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी, थेट हाडच का नाही बनवायचं? कारण हाड कठीण असतं. त्याच्या आतल्या पेशी भिंतीत चिणल्यासारख्या असतात, त्यांना दोनाच्या चार होता येत नाही. कूर्चा मात्र आतून वाढू शकते. बाळाला वाढायचं असतं, म्हणून वाढीचं काम कूर्चेकडे आणि भार पेलण्याचं काम हाडाकडे अशी वाटणी आहे. याला अपवाद आहे. कवटीचा वरचा भाग कूर्चेशिवाय थेट हाडाचाच बनतो, पण कवटीचा तळ कूर्चेतून बनतो. माझ्या मुलीचं कपाळ मोठं दिसतं ते यामुळेच. डोक्याचा वरचा भाग नेहमीसारखा वाढला, हातपाय आणि कवटीचा तळ मागे राहिले. बुद्धीचा याच्याशी काही संबंध नाही. परवाच तिने मला बुद्धिबळात हरवलं आणि वर कुठे चुकलीस तेही सांगितलं.

जन्मानंतर बरीचशी कूर्चा हाडात बदललेली असते, पण लांब हाडांच्या टोकांजवळ तिची एक पातळ पट्टी शिल्लक राहते. तिला वाढीची पट्टी म्हणू. लहान मुलाच्या गुडघ्याचा एक्स-रे काढला तर हाडाचं टोक आणि दांडा यांच्यामध्ये एक काळी फट दिसते, आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला हाड मोडलंय असंच वाटतं. ती फट म्हणजे ही पट्टी. कूर्चा एक्स-रेत दिसत नाही. आपली उंची या काही मिलिमीटरच्या पट्ट्यांतून येते. वयात आल्यावर त्या बुजतात आणि उंची थांबते. त्यानंतर बारला कितीही लटकलं तरी खांदे दुखण्यापलीकडे काही होत नाही.

पट्टीच्या आत पेशींच्या रांगा असतात. वरच्या टोकाला काही पेशी निवांत, राखीव. त्यांच्याखाली चपट्या पेशी एकावर एक, भाकरींच्या चवडीसारख्या. या भराभर विभागत असतात. त्यांच्याही खाली पेशी विभागणं थांबवतात आणि फुगायला लागतात, मूळच्या कितीतरी पट. हाड लांबतं ते मुख्यतः या फुगण्यामुळे. फुगलेल्या पेशी रक्तवाहिन्यांना बोलावून घेतात, त्यांच्यामागोमाग हाड घडवणाऱ्या पेशी येतात आणि जुन्या कूर्चेच्या जागी हाड बसतं. म्हणजे एका बाजूने चवड रचली जाते, दुसऱ्या बाजूने ती संपते. दोन्हींचा वेग जुळला पाहिजे. चवडीतल्या पेशी लवकर फुगल्या तर चवड संपून जाईल आणि हाड आखूड राहील. फार उशीर केला तर हाड बनणारच नाही.

मग हा वेग कोण ठरवतं? मला आधी वाटायचं, मेंदू. वाढीचं संप्रेरक डोक्यातल्या पीयूषिका ग्रंथीतून येतं हे खरं, पण ते रक्तातून सगळीकडे सारखंच पोचतं. रांगेतल्या कोणत्या पेशीने विभागायचं आणि कोणत्या पेशीने फुगायचं, हे ते सांगू शकत नाही. ते शेजारी शेजाऱ्याला सांगतो. आमच्या धंद्यात कुठेतरी एक सर्व्हर असतो, त्यात सगळं लिहिलेलं असतं. इथे तसं मुख्य कार्यालयच नाही. मला हे पचायला वेळ लागला.

आपल्याकडे हे पाटपाण्यावरून चांगलं समजतं. भंडारदऱ्याचं आवर्तन सुटलं की हेडच्या शेतकऱ्याला पाणी दाबाने मिळतं, टेलला पोचेपर्यंत धार बारीक होते. वाढीच्या पट्टीत वरच्या टोकाच्या पेशी पीटीएचआरपी नावाचा एक रेणू सोडतात. त्याचा निरोप असा: विभागत राहा, अजून फुगू नका. हेडजवळच्या पेशींना तो भरपूर मिळतो, त्या विभागत राहतात. टेलच्या पेशींपर्यंत तो पोचत नाही, म्हणून त्या पिकतात आणि फुगायला लागतात. पण फुगायच्या बेतात असलेल्या पेशी गप्प बसत नाहीत. त्या दुसरा रेणू सोडतात, तो उलट दिशेने हेडकडे जातो आणि सांगतो: इकडे आम्ही पिकायला लागलो, वरून आणखी सोडा. हेड पीटीएचआरपी वाढवतं, बाकीच्या पेशींचं फुगणं लांबतं. टेलला पिकणाऱ्या पेशी कमी झाल्या की त्यांची हाकही कमी होते आणि पाणी आपोआप आटोक्यात येतं. आपल्या कालव्यांवर टेलच्या हाकेला हेडने इतक्या तत्परतेने दाद दिली असती तर निम्म्या कोर्टकचेऱ्या वाचल्या असत्या. हे चक्र १९९६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालं. उंदरांमध्ये पीटीएचआरपीचं जनुक काढून टाकलं, तेव्हा पेशी वेळेआधी पिकल्या आणि पाय आखूड राहिले.

टेलकडून हेडला हाक मारणाऱ्या त्या दुसऱ्या रेणूचं नाव ऐका: इंडियन हेजहॉग. हेजहॉग म्हणजे साळिंदराहून बराच लहान असा काटेरी प्राणी. क्रिस्टियाने न्यूसलाइन-फोलहार्ट आणि एरिक विशाउस यांनी १९८० साली फळमाशीच्या अळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एक जनुक बिघडलेल्या अळ्या आखूड आणि अंगभर काटेरी निघत, म्हणून त्या जनुकाचं नाव हेजहॉग पडलं. १९९५ साली, म्हणजे आपण दहावीचे पेपर दिले त्या वर्षी, त्यांना या कामासाठी नोबेल मिळालं. पुढे सस्तन प्राण्यांत या जनुकाची तीन भावंडं सापडली. त्यांची नावं डेझर्ट, इंडियन आणि सॉनिक. पहिली दोन खऱ्या प्राण्यांवरून, तिसरं मुलांच्या व्हिडिओ गेमवरून. फाइलींना काहीही नावं देण्याबद्दल आम्हा प्रोग्रामर मंडळींना नावं ठेवतात. शास्त्रज्ञ काही कमी नाहीत.

माशीत सापडलेला निरोप माणसाच्या गुडघ्यात कसा, हा प्रश्न कोणाला पडला असेल तर बरोबर पडला आहे. हे शब्द हाडांपेक्षा फार जुने आहेत, आणि त्याचा एक पुरावा पुण्यात, आघारकर संशोधन संस्थेत मिळाला आहे. मुकुलायनाची आकृती म्हणून आपण जो हायड्रा काढायचो, त्याला ना हाड ना कूर्चा. सुरेंद्र घासकडबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना या हायड्रात नॉगिन नावाचं जनुक सापडलं. २०१० साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. हायड्राच्या नॉगिनचा संदेश त्यांनी बेडकाच्या भ्रूणात घातला, तर तिथेही तो कामाला लागला. हाडं नसलेल्या प्राण्याचं बोलणं हाडं असलेल्याला कळलं. आपल्या शरीरात नॉगिन काय करतं? तुमचं बोट आता तीन पेरांचं आहे, पण गर्भात ते आधी कूर्चेची एक अखंड काडी असते. बीएमपी नावाचे रेणू ‘कूर्चा वाढवा’ असं सांगत असतात. नॉगिन त्यांना धरून ठेवतं, पोचूच देत नाही. ज्या उंदरांत नॉगिन नव्हतं, त्यांची कूर्चा बेसुमार वाढली आणि सांधे झालेच नाहीत. बोटं मोडायची सोय आपल्याला आहे ती कोणीतरी तिथे ‘पुरे’ म्हटलं म्हणून.

आता मुलीकडे येते. वाढीच्या पट्टीतल्या पेशींच्या अंगावर एफजीएफआर-थ्री नावाचा एक ग्राही असतो. ग्राही म्हणजे दारावरची बेल समजा. बाहेरून कोणी दाबली की आत वाजते. ही बेल ‘हळू’ असं सांगणारी आहे, म्हणजे ब्रेकच. ब्रेक वाईट नसतो. उंदरांतून हे जनुक काढून टाकलं तेव्हा त्यांची हाडं वाजवीपेक्षा लांब झाली. अकॉन्ड्रोप्लेझियात बेल अडकते. बोट काढलं तरी वाजत राहते. आत एकाकडून दुसऱ्याकडे निरोप देणाऱ्या प्रथिनांची साखळी चालूच राहते, चवडीतल्या पेशी कमी विभागतात, कमी फुगतात.

बेल का अडकते, हे १९९४ साली कळलं. चौथ्या गुणसूत्रावरच्या या जनुकात एक अक्षर बदललेलं असतं. त्यामुळे ग्राहीच्या साखळीतल्या ३८०व्या जागी ग्लायसिनऐवजी आर्जिनिन बसतं. आपला जनुकीय मजकूर साधारण ३०० कोटी अक्षरांचा आहे, त्यातलं एक. जगभरातल्या अकॉन्ड्रोप्लेझिया असलेल्या जवळजवळ सगळ्या माणसांत बदल याच जागी आहे. एका अक्षराने प्रोग्राम बसतो हे मी रोज बघते, पण जगभर सगळीकडे त्याच एका ओळीत तोच टायपो, हे मी माझ्या नोकरीत कधी पाहिलेलं नाही.

आणि आता ग्रहण. दर पाचांतल्या साधारण चार मुलांचे आईवडील सर्वसाधारण उंचीचे असतात, आमच्यासारखेच. बदल त्या मुलात नव्याने आलेला असतो. तो येतो कुठून, हेही तपासलेलं आहे. जवळजवळ नेहमीच वडिलांच्या शुक्रपेशीतून, आणि वडिलांचं वय वाढतं तशी शक्यता थोडी वाढते. माझा नवरा तिसऱ्या रांगेत बसला आहे. कृपा करून सगळ्यांनी एकदम वळून बघू नका. शुक्रपेशी आयुष्यभर बनत राहतात, दर वेळी मजकुराची नक्कल होते, नकलेत एखादं अक्षर चुकतं. आपण प्रत्येक जण साधारण साठ-सत्तर नवी अक्षरं घेऊन जन्माला आलो आहोत, जी ना आईत होती ना वडिलांत. बहुतेक ठिकाणी काही बिघडत नाही. आमच्या घरी एक अक्षर अशा जागी पडलं जिथे फरक पडतो. यात त्याचा दोष तेवढाच, जेवढा पत्ते पिसणाऱ्याचा.

पण वेळेचा हिशेब लक्षात घ्या. हा बदल गर्भ राहण्याच्या आधी झालेला असतो. मी सातव्या महिन्यात विळीवर भाजी चिरली की नाही, पपई खाल्ली की नाही, जिना चढले की नाही, याला काही अर्थच उरत नाही. अक्षर तेव्हा केव्हाच लिहिलं गेलं होतं. हे मी माझ्यासाठी सांगत नाही. मला वाचता आलं, उत्तर देता आलं. अशी मुलं साधारण २०-३० हजार जन्मांमागे एक असतात, म्हणजे आपल्या जिल्ह्यातही आहेत. एखाद्या वस्तीवर कोणीतरी सून नऊ-दहा वर्षं ते एक ग्रहण ऐकून घेत असेल. तुमच्यापैकी कितीतरी जण शिक्षक आहात, दोघं डॉक्टर, एक सरपंच. तिच्या सासूपर्यंत तुम्हीच पोचू शकता, मी पुण्यातून नाही पोचू शकत.

दूध आणि पावडरीबद्दल विचारणाऱ्यांचं मात्र एका अर्थी चुकत नाही. भूकसुद्धा वाढीच्या पट्टीशी बोलते. पोटात अन्न कमी पडलं की यकृताकडून येणारा वाढीचा निरोप, आयजीएफ-वन, घटतो आणि पट्टी मंदावते. शरीर आधी जगायचं बघतं, उंचीचं नंतर. याची जुनी नोंद आपल्याच मातीत आहे. दायमाबाद म्हटलं की आपल्याला ब्राँझचा रथ आठवतो. पण प्रवरेकाठच्या त्या टेकाडात आणि नेवाशाच्या उत्खननात लहान मुलांची दफनंही मिळाली. साधारण तीन हजार वर्षांपूर्वीची जोर्वे संस्कृतीची माणसं मुलांना रांजणात ठेवून घराच्या जमिनीखाली पुरत. अशा मुलांची हाडं हातात आली की टोकं दांड्यापासून सुटी मिळतात, कारण मधली कूर्चा कुजून गेलेली असते. वाढीची पट्टी म्हणजे तिथली रिकामी जागा. तरी शास्त्रज्ञांना हिशेब लागतो, कारण दात उपासमारीतही बऱ्यापैकी वेळेवर येतात आणि हाडं मागे पडतात. दातांवरून वय काढायचं, मांडीच्या हाडावरून वाढ, आणि दोन्हींतला फरक म्हणजे त्या मुलाने सोसलेलं. ग्वेन रॉबिन्स शुग या संशोधिकेने नेवासे, दायमाबाद आणि पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या मुलांचा असा अभ्यास करून २०११ साली पुस्तक लिहिलं. इनामगावच्या शेवटच्या काळातल्या मुलांच्या हाडांवर वाढीच्या ताणाच्या खुणा दिसतात.

तीन हजार वर्षं लांब जायचीही गरज नाही. आपल्या वर्गात दिवाळीनंतर काही बाकं रिकामी व्हायची, आईवडील कोयते घेऊन कारखान्यांच्या तळावर गेलेले असायचे. ती मुलं उन्हाळ्यात परत यायची तेव्हा आपण उंच झालेलो असायचो, ती तेवढीच. अशा मुलांना अन्न मिळालं, आजारपण थांबलं, तर पट्टी पुन्हा वेग घेते. बराचसा अनुशेष भरून निघू शकतो. तुमचं दूध, तुमची अंडी तिथे पाठवा, तिथे खरोखर उंची वाढेल. माझ्या मुलीच्या पट्टीला अन्नाचा निरोप नीट पोचतो आहे, अडकलीय ती बेल. तिला जास्त खाऊ घातलं तर वजन वाढेल आणि आधीच ताणाखाली असलेल्या पाठीला आणि गुडघ्यांना ते महागात पडेल.

औषध आहे का? आता आहे. पेशींमध्ये त्या अडकलेल्या बेलचा आवाज मधल्या कडीत दाबणारा एक नैसर्गिक निरोप असतो, सीएनपी. त्याच्यासारखाच पण शरीरात जास्त वेळ टिकणारा रेणू बनवला गेला, व्होसोरिटाइड. २०२१ साली युरोप आणि अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. रोज एक इंजेक्शन, वाढीच्या पट्ट्या उघड्या असेपर्यंतच. चाचणीत १२१ मुलं होती. औषध घेणाऱ्यांची उंची न घेणाऱ्यांपेक्षा वर्षाला सरासरी दीड सेंटिमीटरने जास्त वाढली. दीड सेंटिमीटर ऐकून निराश होऊ नका. बेल काढली नाही, आवाज कमी केला आणि हाडाने ऐकलं. ३० वर्षांपूर्वी हे कोणाला खरं वाटलं नसतं. खर्च मात्र अमेरिकेत वर्षाला लाखांत डॉलर आहे. आम्ही ते सुरू केलेलं नाही. परवडत नाही हे पहिलं कारण. दुसरं, मुलीला विचारलं तर ती म्हणाली, रोज सुई कशाला, मला स्टूल द्या. पाय लांब करण्याच्या शस्त्रक्रियाही असतात, त्यात महिनोन् महिने जातात. ते ती मोठी झाल्यावर ठरवेल. इतर आईवडिलांनी वेगळं ठरवलं तर त्यांचं तेही बरोबर असेल.

उंचीपेक्षा महत्त्वाच्या गोष्टी वेगळ्याच आहेत आणि त्यांबद्दल मात्र कोणी मेसेज करत नाही. कवटीचा तळ कूर्चेतून बनतो असं मघाशी म्हटलं. तळाला मज्जारज्जू जाण्याचं जे भोक असतं, ते या बाळांत अरुंद राहू शकतं. पहिल्या दोन वर्षांत झोपेत श्वास अडखळणं, मान फार लुळी असणं याकडे दुर्लक्ष करायचं नाही. गरज पडली तर एमआरआय करायचा. पाठीला जोर येण्याआधी अशा बाळाला उशा लावून बसवायचं नाही, कणा मागे वाकतो. आपल्याकडे सहाव्या महिन्यात बसवण्याची घाई असते, आजी-आजोबांना समजावून सांगावं लागतं. आमच्याकडे सांगावं लागलं. कान वारंवार फुटतात, त्यामुळे ऐकू कमी येतं आणि बोलणं मागे पडतं, म्हणून कानांची तपासणी वेळेवर. आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत बुटकेपणा आहे, तेव्हा प्रमाणपत्र काढून घ्यावं. कोणाच्या ओळखीत असं बाळ असेल तर माझा नंबर द्या. फक्त रात्री अकरानंतर फोन नको, तेव्हा माझ्या अमेरिकेच्या मीटिंगा चालू असतात.

शेवटचं बोलणं संयोजन समितीशी आहे. आपली तुकडी शाळेला पिण्याच्या पाण्याची टाकी देते आहे आणि तिला सहा नळ आहेत. मी आज सकाळी टेप लावून मोजलं. सहाही नळ एकाच उंचीवर, साडेतीन फुटांवर ठरले आहेत. माझ्या मुलीलाच काय, बालवाडीतल्या कोणालाच ते पोचणार नाहीत. त्यातले दोन नळ दोन फुटांवर घ्या. प्लंबर म्हणतो, पाइप आजच वळवला तर जास्तीचा खर्च नाही, उद्या फरशी बसणार आहे. तो अजून मागे हौदापाशीच आहे.